वीस गाद्यांखालचा वाटाणा

आमच्या घरात कापूस सगळीकडे असायचा. भुवयांत, माठावरच्या झाकणीवर, भाकरीच्या पिठात, अम्माच्या नमाजाच्या ओढणीवर. कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या कडेला अब्बांचं गाद्यांचं दुकान आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं: अब्बा, अम्मा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी नसीमआपा आणि मी, रेहाना. सकाळी नऊला पिंजायचं मशीन सुरू झालं की घरातली भांडी बारीक थरथरायची, आणि जेवणासाठी ते बंद झालं की एकदम कान मोकळे व्हायचे. त्या शांततेत अम्मा अख्ख्या मसुराचं पातेलं मध्ये ठेवायची. भाकरी मोडायच्या आधी सगळे जण तिच्यावर फुंकर मारायचे. बाहेरचं कुणी जेवायला असलं की त्याला वाटायचं, ही आमच्यात काही धार्मिक रीत असावी. रीत कसली, वरचा कापूस उडवायचो. घरात आम्ही बोलायचो ती बोली निम्मी हिंदी, निम्मी मराठी, आणि तिसऱ्या कुणाला धड न कळणारी. इथं मी ती मराठीतच लिहिते आहे, कारण तशीच्या तशी लिहिली तर कोल्हापूरचे माझे सासरेसुद्धा अर्थ विचारतील. माझ्या वयाला आत्मकथन शोभत नाही, असं आमच्या ह्यांचं मत आहे. केस पांढरे झाल्यावर लिही म्हणतात. तोवर मला हे सगळं सोसायला सोपं होईल आणि मग मी खोटं लिहीन, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

अब्बांचा हात हे आमच्या दुकानाचं खरं मशीन होतं. गादी भरून झाली की ते डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "हितं सरकी हाय." उसवून बघितलं की चार बोटं खोल कापसात एक सरकी सापडायचीच. जुन्या गाद्या पुन्हा पिंजायला येत, त्या तर ते पुस्तकासारख्या वाचायचे. खोळ उसवली की कुठं कापूस दगडासारखा बसलाय, कुठं पिवळा पडलाय, कुठं गुठळ्या झाल्यात, ते बघत राहायचे. कुठल्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, कुठल्या घरातलं मूल मोठं झालं तरी झोपेत ओलं करतं, कुणाच्या घरी गादी नुसती पाहुण्यांसाठी ठेवलीय, सगळं त्यांना कळायचं. पण ते कुणाला सांगायचे नाहीत. एकदा आपानं एका गादीचा अंदाज करून गिऱ्हाइकाच्या बायकोला काहीतरी विचारलं, तर अब्बा तिच्यावर असे चिडले की ती दोन दिवस दुकानात आली नाही. "पिंजाऱ्यानं बघायचं, बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "लोकं आपल्याकडं अंथरूण देत्यात, घर न्हाई." हा त्यांचा धंद्यातला नियम होता, आणि लहानपणी मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

वाटाण्याची ती गोष्ट मला शाळेत एका बाईंनी सांगितली. पावसात भिजलेली एक मुलगी राजवाड्याच्या दारात येते, मी राजकन्या आहे म्हणते. राणी तिची परीक्षा घ्यायची म्हणून वीस गाद्यांच्या खाली एक वाटाणा ठेवते. सकाळी मुलगी सांगते, काहीतरी टोचत होतं, मला झोप लागली नाही, अंग काळंनिळं झालं. राणीला पटतं, ही खरी राजकन्या, आणि लग्न होतं. घरी येऊन मी ती आपाला सांगितली. ती तेव्हा दाभण घेऊन गादीला टाके घालत होती. "वीस गाद्या!" ती म्हणाली. "आगं, पिंजल्या कुणी एवढ्या? त्या पिंजाऱ्याचं नाव न्हाई का आलं गोष्टीत?" आम्ही दोघी कापसाच्या ढिगावर पडून पोट दुखेस्तोवर हसलो. अब्बांनी मात्र गंभीरपणे सांगितलं, की वीस गाद्यांखालचा वाटाणा त्यांनाही कळला नसता, दोनच्या खालचा कळला असता. हसून झाल्यावर आपा पुन्हा टाके घालायला लागली आणि जरा वेळानं म्हणाली, "पर मला आवडली बघ. पयल्याच दिवशी ती सासूला तोंडावर सांगती, मला टोचलं. आन् सासू खूश! बाकी सगळ्या गोष्टीत पोरगी गप ऱ्हाती म्हणून चांगली असती. हिला बोलली म्हणून घरात घेतली." मला त्या वयात यातलं काही कळलं नाही. मला फक्त राजपुत्र कसा दिसत असेल, एवढंच पडलं होतं.

आपाचं लग्न सांगलीत झालं. दुल्हाभाईंचं कूलर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान, घरात ते आणि त्यांची आई. लग्नाची गादी अब्बांनी एकट्यानं भरली. आमच्या लोकांत तशी पद्धतच आहे, लेकीच्या गादीला बाप दुसऱ्या कुणाचा हात लावू देत नाही. मोठी जोडगादी, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची खोळ. तिच्यावरून त्यांनी तळहात किती वेळा फिरवला असेल! अम्मा शेवटी म्हणाली, "आवं, आता तरी पुरे करा." आणखी एक पद्धत आहे. वर्ष झालं की कापूस बसतो, म्हणून लेकीची गादी पहिल्यांदा पिंजायला माहेरी येते आणि गादीबरोबर लेकही येते. गादी होईस्तोवर ती माहेरी राहते, दोन दिवस. सासरच्यांना नाही म्हणता येत नाही, कारण गादीशिवाय कुणाचं चालतंय? एरवी सणाला, बारशाला आली तर बरोबर सासू असते, नवरा असतो. हे दोन दिवस मात्र तिचे एकटीचे असतात. बोलायचं असलं तर हेच दिवस, असं बायका एकमेकींत सांगतात. मला ते माहीत होतं आणि तरीही पुढं जे झालं ते झालं.

मी कराडला कॉलेजात जायला लागले होते आणि मला लिहायचं वेड लागलं होतं. मोबाईलवर गोष्टी लिहायचं आणि वाचायचं एक ठिकाण मैत्रिणीनं दाखवलं. दर शुक्रवारी एक भाग टाकायचा, खाली वाचक अभिप्राय देतात. मी 'रेवा' या नावानं लिहायला लागले. रेहाना नावानं लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं की नाही कोण जाणे, मी विचारायचं धाडसच केलं नाही. रेवा म्हणजे मी, हे घरात फक्त आपाला फोनवर सांगितलं होतं. ती नुसतं "बरं बरं" म्हणाली होती, मागं कुणाचा तरी आवाज होता. दुपारी मशीन बंद असताना कापसाच्या ढिगात बसून मी वाटाण्याच्या गोष्टीची प्रेमकथा करत गेले. नाव दिलं 'मखमली सकाळ'. माझ्या राजपुत्राचे डोळे घारे होते आणि तो वाक्यागणिक उसासे टाकायचा. त्या भिजलेल्या मुलीवर तो दारातच भाळतो, पण आईच्या परीक्षेबद्दल तिला सांगू शकत नाही, असं मी सहा-सात भाग ताणलं. आता ते वाचलं की कानशिलं तापतात. पण तेव्हा अभिप्राय येत होते! "ताई, काय लिहिता हो." "रडवलंत." "पुढचा भाग लवकर टाका, ऑफिसात लक्ष लागत नाही." कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायची, गाद्यावाल्याची मुलगी म्हणून कुणी कपड्यावरचा कापूस झटकून दाखवायचं. इथं मात्र लोक माझ्या शुक्रवारच्या भागाची वाट बघत होते.

शेवटच्या आधीच्या भागात मी मूळ गोष्टीप्रमाणेच लिहिलं. सकाळी मुलगी राणीला म्हणते, "मला झोप लागली नाही. माझ्या पाठीखाली काहीतरी टोचत होतं." एवढ्यावर भाग संपवला. आणि वाचक बिथरले. एका बाईंनी लिहिलं, "एका वाटाण्यासाठी एवढा तमाशा? आम्ही सासरी काय काय सोसलं." एका काकांनी लिहिलं, "नायिका अहंकारी वाटते. स्त्रीचं सौंदर्य सहनशीलतेत असतं." कुणी लिहिलं, "आश्रय दिला त्यांनाच नावं ठेवते!" एकीला तर राजपुत्राची दया येत होती, तिनं त्याच्यासाठी दुसरी मुलगी शोधा म्हणून सुचवलं. जी दर भागाखाली मला 'लाडकी लेखिका' म्हणायची तिनं लिहिलं, "खरं प्रेम असतं तर तिला टोचलंच नसतं. रेवाताई, निराशा केलीत. शेवट तरी गोड करा." मी दिवसभर ते वाचत राहिले. जेवण गेलं नाही. अम्माला वाटलं, ताप आला.

त्या सगळ्यांत एकच अभिप्राय वेगळा होता. नाव 'कृष्णाकाठ', चित्राच्या जागी काहीच नाही. "तिला बोलू द्या," असं लिहिलं होतं. "गप्प बसवू नका. ती बोलली तर पुढं काय होतं, ते मला वाचायचं आहे." मला तो वाचून राग आला. सगळी पंगत एकीकडे आणि ही एकटीच पान मागं सारून बसलेली. मी उत्तर लिहिलं. ते उत्तर मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे, कारण त्यानंतर मी इतकं लिहिलं पण दुसरं काही मला असं चिकटून राहिलं नाही. "ताई, सगळ्यांनी तक्रारी करायच्या ठरवल्या तर प्रेमकथा लिहायच्या कुणी? थोडं सोसायला शिका, गोड वाटेल." खाली हसरा चेहरा टाकला. त्या उत्तराला लोकांनी भरभरून दाद दिली. कृष्णाकाठकडून पुन्हा काही आलं नाही.

मग मी तो भाग खोडून नव्यानं लिहिला. आता राणी विचारते, "झोप लागली का?" आणि मुलगी मान खाली घालून म्हणते, "छान लागली." तिच्या दंडावरचा काळानिळा डाग राजपुत्राला दिसतो, माझ्यासाठी हिनं एवढं सोसलं म्हणून त्याचे घारे डोळे भरून येतात, तो डागावर ओठ टेकवतो, लग्न. वाचक वेडे झाले. "हीच खरी राजकन्या!" असं कितीतरी जणांनी लिहिलं. त्या काकांनी तर लिहिलं, हा भाग प्रत्येक उपवर मुलीला वाचायला द्यावा. मी कापसाच्या ढिगात पाठीवर पडले आणि स्वतःशीच हसले. अठरा वर्षांची होते, अक्कल नव्हती, असं म्हणून मी स्वतःला सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. पण ती गोष्ट ऐकून आपा काय म्हणाली होती, ते मला आठवत होतं. आठवत असूनही मी शेवट बदलला.

पुढच्याच आठवड्यात आपाची गादी आली. टेंपोत पुढं आपा बसलेली, मांडीवर भडंगाची पिशवी. वाळली होती. अम्मानं विचारलं तर म्हणाली, "सांगलीचं ऊन." अब्बांनी गादी एकट्यानं उतरवली, अंगणात पसरली, खोळ उसवली. मी जवळच होते, आपा उंबऱ्यावर. कापूस उघडा पडला आणि अब्बांचा हात थांबला. मी पिंजाऱ्याचीच मुलगी, मलाही दिसलं. जोडगादीची एक बाजू दबून पार बसली होती. दुसरी बाजू जशी भरली तशीच होती, फुललेली, पांढरी, वर्षभरात तिच्यावर कुणी पाठ टेकलेली नव्हती. फक्त एका कोपऱ्यात गुठळी झाली होती, ओली होऊन वाळल्यासारखी, आणि तिथं तपकिरी डाग होता. अब्बांनी त्या फुललेल्या बाजूवरून तळहात फिरवला. हळूहळू, वरपासून खालपर्यंत. मग आपाकडे न बघताच विचारलं, "नसीम, झोप लागती का गं नीट?"

आपा त्यांच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले. ती बोलणार होती, हे मी शपथेवर सांगते. मग तिची नजर माझ्यावर आली. माझ्याकडं बघतच ती म्हणाली, "छान लागती, अब्बा."

अब्बांनी मान हलवली. त्यांना खोटं कळत होतं, त्यांच्या तळहाताखाली खरं पडलं होतं. आणखी एकदा विचारायचं फक्त. किंवा विचारायचंही नाही, गादी तशीच उघडी ठेवून सांगलीला जायचं आणि म्हणायचं, चला, बघा. पण आयुष्यभर त्यांनी बघितलं होतं आणि बोलले नव्हते, आणि स्वतःच्या लेकीच्या अंथरुणालाही त्यांनी तोच नियम लावला. वर मी लग्नाची होते. एक लेक परत आली तर दुसरीचं कसं होणार, हे त्यांच्या डोक्यात असणारच. त्यांनी दोन्ही बाजूंचा कापूस उचलला, डागाची गुठळी मुठीत घेऊन खिशात घातली, आणि सगळा एकत्र मशीनमध्ये घातला. तासाभरात सगळीकडून सारखा, पांढरा, हलका कापूस बाहेर पडला. कोण कुठं झोपत होतं ते आता कुणालाही वाचता आलं नसतं. अब्बांचा तो राग मी कितीतरी वर्षं धरला. त्यातला माझा वाटा मला नंतर दिसला. त्यांनी कापसाचं जे केलं, तेच मी गोष्टीचं आठवडाभर आधी करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर खोळ वाळत घालत होतो. आपा म्हणाली, "शेवट बदललास."

मला आधी कळलंच नाही. "वाचतीस तू? मला बोलली न्हाईस कधी."

"त्यांच्या जुन्या मोबाईलवर वाचत होते. बाथरूममध्ये जाऊन." खोळीचं टोक तिनं दोरीवर नीट ताणलं. "कृष्णाकाठ मीच."

माझ्या हातातली दुसरी बाजू सुटली. मी "आपा, मला काय म्हाईत" असं काहीतरी बोलले. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे सांगत गेली. चहा थंड होता एवढ्यावरूनही दुल्हाभाई रात्री तिला पलंगावरून खाली ढकलायचे. त्यांची आई पलीकडच्या खोलीतून आवाज ऐकते आणि टीव्ही मोठा करते. लग्नानंतर काही दिवसांतच ती आपणहून स्वैपाकघरात चटई टाकायला लागली, सिलिंडरजवळ. एकदा कानातून रक्त आलं ते गादीवर सांडलं. "अब्बांना दिसणार, ते मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "ह्या दोन दिवसांची वर्षभर वाट बघितली मी. वाटलं, गादी उघडली की मला बोलायला सोपं जाईल. पर म्हटलं, बोलल्यावर पुढं काय हुतं, ते आधी तुझ्या गोष्टीत बघावं. तू शाणी, शिकलेली, तू काय लिवतीस बघावं. तर तुझी सगळी माणसं म्हणाली, एवढ्याशा वाटाण्याचं काय घिऊन बसलीस. आन् तूबी."

"ती गोष्ट व्हती गं आपा. लोकांना आवडावं म्हणून..."

"व्हय. लोकांना आवडली की," ती म्हणाली. "मी समदं वाचलं, लोकांनी लिवलेलं."

मी अब्बांना सांगते म्हणाले. तिनं माझं मनगट धरलं. "त्यांनी बघितलंय, रेहाना. आता सांगून त्यांना आणखी काय दाखवणार?" संध्याकाळी गादी तयार झाली. अब्बांनी डोळे मिटून तळहात फिरवला, कुठंही थांबले नाहीत. अम्मानं शेवयांची खीर केली होती, आपानं ती मागून घेऊन दोनदा खाल्ली. सकाळी टेंपो आला. मी सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही, अब्बा गेले तोवर नाही. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात एका डबीत कापसाची ती तपकिरी गुठळी सापडली. अम्मानं विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "काय न्हाई, जुना कापूस." मीसुद्धा पिंजाऱ्याचीच मुलगी.

आपा अजून सांगलीतच आहे. दोन मुलं आहेत. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही, फोन ती उजव्या कानाला धरते. 'मखमली सकाळ' अजून त्या ठिकाणी आहे आणि अजून वाचली जाते, माझ्या बाकीच्या सगळ्या लिखाणापेक्षा जास्त. गेल्या महिन्यात एका मुलीचा अभिप्राय आला: "ताई, माझं नवीन लग्न झालंय. तुमची गोष्ट वाचून ठरवलं, मीही आजपासून तक्रार करणार नाही. छान लागली असंच म्हणणार." खाली बदामाचं चिन्ह होतं. मी तिला तीन वेळा उत्तर लिहिलं, फोन कर म्हणून नंबरही दिला. तिनं ते वाचलं की नाही, मला कळायला मार्ग नाही.

त्या दिवशी मी शेवट पुन्हा पहिल्यासारखा केला. मुलगी राणीच्या तोंडावर सांगते, मला टोचलं, मला झोप लागली नाही. पुढचा भागही या वेळी लिहिला: ती दार उघडून भर पावसात चालायला लागते आणि एका पिंजाऱ्याच्या घरी पोचते, तो तिला आत घेतो. वाचकांनी शिव्या घातल्या. जुना शेवट परत द्या म्हणून अजून मागं लागले आहेत. मी आपाला फोन केला. म्हटलं, "आपा, शेवट बदलला. ती बोलती आता. पुढं काय हुतं, तेबी लिवलंय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिला ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं.

"आलं ऐकू," आपा म्हणाली. "आता कुणासाठी गं?"